काकांची ट्रंक : एकतीस रेकॉर्डींच्या नोंदी

८ जून २०२५, रविवार
ट्रंक घरी आली. मिरजेहून सांगलीपर्यंत रिक्षात मांडीवर घेऊन आलो, कारण डिकीत ठेवायला काकांनी साफ नकार दिला. पत्र्याची हिरवी ट्रंक, एक कडी तुटलेली. आत ३१ एलपी. काका १९७३ ते १९८० जर्मनीत कोलोनजवळच्या एका कारखान्यात होते. परत येताना भांडीकुंडी सोडून ह्या तबकड्या आणल्या, हे काकू अजूनही पाहुण्यांना ऐकवते.

ठरवलेलं काम असं: धुवायच्या, वाजवून संगणकावर घ्यायच्या, खरखर काढायची, गाणी सुटी करायची आणि एका पेन ड्राइव्हवर काकांना द्यायची. त्यांना आता टर्नटेबलवर पिन ठेवायला हात स्थिर राहत नाही. प्रत्येक रेकॉर्ड पूर्ण ऐकून इथे दोन ओळी लिहायच्या, चांगल्या-वाईट जशा असतील तशा. मी काही समीक्षक नाही. कॉलेजात रॉक ऐकलं ते मित्रांच्या कॅसेटींवर, तेही निम्मं हिंदी गाण्यांवरच परत भरलेलं.

११ जून
धुलाई. इन्व्हर्टरमध्ये घालायचं डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ कापड, आणि खाचांच्या दिशेनेच गोल फिरवायचं. मधल्या कागदी लेबलला पाणी लागू द्यायचं नाही, एकाला लागलंच. सात रेकॉर्डींवर बुरशीचे पांढरे ठिपके होते, सहांचे गेले. सुकायला स्वयंपाकघरातल्या ताटाळ्यात उभ्या केल्या. बायकोने काही म्हटलं नाही, फक्त त्या रात्री ताटं ओट्यावर आडवी ठेवली.

१५ जून, रविवार
पूर्ण दिवस घुमण्यात गेला. कुठलीही रेकॉर्ड लावा, खाली एक जाड ‘हंऽऽ’. ५० हर्ट्झचा, म्हणजे घरच्या विजेचाच सूर. टर्नटेबलची अर्थिंगची बारीक तार सुटली होती. ती प्रीअँपच्या (टर्नटेबलचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या डब्याच्या) स्क्रूला बांधली आणि घुमणं गेलं. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर घेतोय, मिनिटाला साधारण ३५ एमबी, म्हणजे वीस मिनिटांची एक बाजू ७०० एमबीच्या आसपास जाते. जुनी हार्ड डिस्क रिकामी करावी लागेल. लग्नाचे व्हिडिओ हलवले, त्याचीही चर्चा झाली.

१६ जून
पहिली रेकॉर्ड ‘एगे बाम्यासी’, कॅन ह्या जर्मन बँडची, १९७२. कव्हरवर भेंडीचा डबा. खरंच, टिनच्या डब्यावर हिरवी भेंडी. नाव तुर्की आहे आणि अर्थ ‘एजियनची भेंडी’. काकांना फोन करून विचारलं, ही कशी घेतलीत? म्हणाले, “अरे, मला बँडबिंड काय माहीत. चार महिने भेंडी दिसली नव्हती. दुकानाच्या काचेत दिसली, आत गेलो.”

भेंडीसाठी घेतलेली रेकॉर्ड पहिल्याच ऐकण्यात आवडली. याकी लीबेत्साइटचा ड्रम घट्ट आणि कोरडा वाजतो, एकही ठोका जास्तीचा नाही. ‘व्हिटॅमिन सी’ साडेतीन मिनिटांत संपतं, पुढचा अर्धा तास ते डोक्यात चालू राहतं. ‘स्पून’मध्ये लीबेत्साइट यंत्राच्या ठेक्याबरोबर वाजवतो, आणि कोण कोणाच्या मागे चाललंय ते शेवटपर्यंत कळत नाही. जर्मन टीव्हीवरच्या एका गुन्हेकथेचं ते शीर्षकसंगीत होतं, म्हणून गाजलंही. ‘सूप’ मात्र दहा मिनिटांचं आहे आणि त्यातली शेवटची पाच नुसती भांडी आपटल्यासारखी. उगाच कौतुक करणार नाही.

रेकॉर्डिंग कोलोनजवळ वाइलरस्विस्ट गावातल्या एका जुन्या थिएटरात झालं, जिथे आवाज घुमू नये म्हणून भिंतींना सैन्यातल्या जुन्या गाद्या ठोकल्या होत्या. हे वाचल्यापासून मी आमच्या माळ्यावरच्या गाद्यांकडे वेगळ्या नजरेने बघतोय.

२० जून
‘टागो मागो’, कॅन, १९७१. दोन तबकड्या, चार बाजू. ही एका गढीवजा वाड्यात रेकॉर्ड झाली, नॉर्व्हेनिखला. बँड तासन्‌तास वाजवत राहायचा आणि बासवादक होल्गर त्सुकाय नंतर टेप कापून-जोडून त्यातून गाणं काढायचा. त्सुकाय आणि कीबोर्डवाला इरमिन श्मिट दोघंही स्टॉकहाउजन ह्या जर्मन संगीतकाराचे विद्यार्थी. गायक डामो सुझुकी हा जपानी तरुण त्यांना म्युनिकच्या रस्त्यावर गाताना सापडला आणि त्याच रात्री स्टेजवर उभा राहिला. तो कुठल्या भाषेत गातो हे तिसऱ्यांदा ऐकूनही सांगता येणार नाही. थोडं इंग्रजी, थोडं जपानी, बाकी तोंडाला येईल ते.

पहिली बाजू अप्रतिम. दुसऱ्या बाजूला एकच गाणं, ‘हालेलुवा’, साडेअठरा मिनिटं. गाणी सुटी करायच्या माझ्या बेताला इथे पहिला धक्का बसला, कारण सुटं करायला काही नाहीच.

तिसरी बाजू, ‘औम्न’. ह्यात ॐकाराचीच ओढाताण आहे, सतरा मिनिटं, मध्ये कुत्रा भुंकतो. आमच्या गल्लीतल्या कुत्र्याने उत्तर दिलं. मला ती बाजू अजिबात आवडली नाही. प्रयोग म्हणून प्रयोग. तरी लिहून ठेवतो की खिडकी बंद करायला मी उठलो नाही.

ह्याच बँडने १९७२ साली कोलोनच्या श्पोर्टहालेमध्ये फुकट कार्यक्रम केला होता. काका पोचले १९७३ला. हे त्यांना सांगितलं तर म्हणाले, “फुकट होता? आणि मला आत्ता सांगतोस?”

२८ जून
काल मी एक रेकॉर्ड बिघडवली. म्हणजे फाइल, तबकडी शाबूत आहे.

‘फाउस्ट’, त्याच नावाच्या बँडची पहिली, १९७१. तबकडी पारदर्शक, कव्हरही पारदर्शक आणि त्यावर मुठीचा एक्स-रे. जर्मनमध्ये फाउस्ट म्हणजे मूठ. दिसायला इतकी देखणी की कव्हर बाजूला ठेवून नुसती खिडकीत धरली. पण पारदर्शक असल्यामुळे खाचांत घाण आहे की नाही ते कळत नाही, आणि गाणी कुठे सुरू होतात तेही नाही. पिन अंदाजाने ठेवली.

सुरुवातीलाच भयंकर खरखर, फाटका आवाज. म्हटलं, ही नीट धुतली गेली नाही. परत धुतली. तीच खरखर. मग सॉफ्टवेअरमधून टिकटिक काढायचं साधन चालवलं, ते पुरेना म्हणून जास्त जोरात चालवलं. आलेख साफ दिसू लागला. खूश होऊन झोपलो.

आज प्रवासात तीच रेकॉर्ड मोबाइलवर ऑनलाइन ऐकली. तिथेही तीच खरखर! ती बँडनेच घातली आहे. त्या आवाजाच्या चिखलातून बीटल्सच्या ‘ऑल यू नीड इज लव्ह’चा तुकडा येतो, रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’चा येतो, जुन्या रेडिओवर स्टेशन लागता लागता सुटावं तसे दोन्ही निसटतात, आणि मग ह्यांचं स्वतःचं चालू होतं. म्हणजे ती जागा ह्या रेकॉर्डचा उंबरठा, आणि मी तो घासून घासून गुळगुळीत केला होता.

मूळ फाइल ठेवली होती म्हणून वाचलो. नियम १: धुतल्यावर जो आवाज जात नाही त्याला लगेच घाण म्हणायचं नाही.

रेकॉर्डबद्दल मत: पहिली बाजू फार गमतीची, दुसरी सोळा मिनिटांची बाजू अर्धी झोपेत ऐकली. परत ऐकावी लागेल.

६ जुलै, आषाढी एकादशी
साबुदाण्याची खिचडी आणि ‘नॉय!’, १९७२. दोनच माणसं, क्लाउस डिंगर ड्रमवर आणि मिखाएल रोटर गिटारवर, शिवाय ध्वनिमुद्रक कॉनी प्लांक. पहिलं गाणं ‘हालोगालो’, दहा मिनिटं. एकच ठेका, सरळ, पुढे जात राहणारा. ह्या ठेक्याला पुढे लोकांनी ‘मोटोरिक’ नाव दिलं. डिंगरला ते नाव पसंत नव्हतं म्हणतात, आणि बरोबर आहे, त्यात मोटारीपेक्षा पायी चालणं जास्त आहे.

सकाळपासून समोरच्या विठ्ठल मंदिरात टाळ-मृदंग चालू होता. काका एकादशीला आमच्याकडे असतात, म्हणून त्यांना कानयंत्र लावून ‘हालोगालो’ ऐकवलं आणि शहाणपणाने म्हणालो, हे आपल्या भजनासारखंच आहे, नाही का? त्यांनी डोळे मिटून पूर्ण दहा मिनिटं ऐकलं. मग म्हणाले, “नाही. भजनात लय चढते. माणूस शेवटी नाचायला लागतो. ही चढत नाही.” थोड्या वेळाने, खिचडी संपल्यावर, “चढवायची नाही हेच अवघड असतं.”

त्यानंतर मी परत ऐकलं तेव्हा लक्षात आलं की मी सारखी ती लय वाढायची वाट बघत होतो. आपल्या कानाला सवयच आहे, विलंबितातून द्रुतात जायची. इथे कोणी कुठे जात नाही, गिटारचे पदर तेवढे येतात-जातात. वाट बघणं सोडलं की गाणं उघडतं. सगळ्या ट्रंकेत मला सर्वांत आवडलेली ही दहा मिनिटं.

दुसऱ्या बाजूला ‘नेगातिव्हलांड’ हे फरशी फोडायच्या ड्रिलने सुरू होतं. खिडकी उघडून बाहेर रस्त्याचं काम चाललंय का ते पाहिलं. नियम १ आठवला, परत बसलो.

९ जुलै
नियम १ विसरलो.

‘नॉय! २’, १९७३. पहिल्या बाजूच्या एका गाण्यात ठेका हळूहळू मंदावत जातो, तेव्हाच मनात पाल चुकचुकली की टर्नटेबलचा बेल्ट सैल झाला असणार, जुनाच आहे. दुसरी बाजू लावली. पहिलं गाणं सुसाट, जणू मुंग्यांचा बँड. पुढचं गाणं रांगत, चिखलातून पाय ओढत. बेल्ट गेलाच.

टर्नटेबल उघडलं. बेल्ट काढला, पुसला, परत चढवला. तेच. मग वेग मोजायचं ठरवलं. रेषांची चकती कागदावर छापली. ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, म्हणून मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला १८० रेषा लागतात, त्या स्थिर दिसल्या की वेग बरोबर. पण आमच्या घरात सगळीकडे एलईडी, त्यात रेषा नीट थांबून दिसत नाहीत. चोकवाली जुनी ट्यूबलाइट फक्त मोरीबाहेरच्या बोळात. टर्नटेबल, स्टूल आणि एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन रात्री साडेअकराला बोळात. रेषा दगडासारख्या स्थिर. वेग अचूक. मग गाणं का असं?

सकाळी काकांना फोन. ते इतके हसले की काकूने फोन घेतला. परत घेतल्यावर म्हणाले, “मीसुद्धा ती दुकानात परत द्यायला गेलो होतो. त्या माणसाने काही न बोलता लेबलवर बोट ठेवलं.”

लेबल वाचलं. ‘नॉयश्ने ७८’, ‘सुपर १६’. रेकॉर्ड अर्धी झाली आणि पैसे संपले, तेव्हा ह्या दोघांनी आधी काढलेलं आपलंच सिंगल, म्हणजे छोटी तबकडी, घेतलं, ते ७८ आणि १६च्या वेगाने वाजवलं, आणि दुसरी बाजू भरून काढली. एका तुकड्यात कॅसेट चावल्याचाही आवाज आहे.

लबाडी की हुशारी? माझं मत: पहिल्यांदा ऐकताना थोर, दुसऱ्यांदा लबाडी. पण ज्या रेकॉर्डने मला मध्यरात्री मोरीच्या बोळात बसवलं तिला कमी गुण देववत नाहीत.

१३ जुलै
लू रीड, ‘मेटल मशीन म्युझिक’, १९७५. हा अमेरिकन रॉक गायक, जर्मन नाही, काकांनी चुकून घेतलेली. लू रीडची आधीची एक रेकॉर्ड आवडली म्हणून न ऐकता उचलली. दोन तबकड्या, चार बाजू, आणि त्यावर फक्त गिटारच्या फीडबॅकचा चित्कार. गाणं नाही, शब्द नाही, ठेका नाही.

एक बाजू प्रामाणिकपणे बसून ऐकली. दहा-बारा मिनिटांनंतर त्या कल्लोळात बारीक बारीक सूर पोहताना ऐकू येऊ लागतात, हे खरं आहे. गिरणीत बराच वेळ उभं राहिलं की तसं होतंच. परत ऐकणार नाही.

चौथ्या बाजूची शेवटची खाच मुद्दाम गोल बंद केली आहे, म्हणजे पिन तिथेच फिरत राहते, रेकॉर्ड संपतच नाही. हे मला माहीत नव्हतं. रेकॉर्डिंग लावून जेवायला गेलो, मग पाहुणे आले. परत आलो तेव्हा फाइल १ तास ५० मिनिटांची. शेजारच्या आजी दारात, “काहीतरी जळतंय का रे तुमच्याकडे?”

गंमत म्हणून हिच्यावर आवाज कमी करायचं साधन चालवलं. त्याला नको असलेल्या आवाजाचा नमुना द्यायचा असतो, तो तिच्यातलाच घेतला आणि सगळी रेकॉर्डच गेली. पाठीमागे जी शांतता उरली ती छान होती.

१९ आणि २० जुलै
एकदम पाच रेकॉर्डी उरकल्या, पाऊस लागून राहिल्यामुळे बाहेर पडलोच नाही.

क्राफ्टवेर्क, ‘आउटोबान’, १९७४. पहिली बाजू भरून एकच गाणं, साडेबावीस मिनिटं, मोटारीचं दार लावण्यापासून सुरू. सगळे तिचंच कौतुक करतात. मला दुसरी बाजू जास्त भावली, विशेषतः शेवटचं पहाटेच्या फेरफटक्याचं, बासरी आणि यंत्रातले पक्षी. पहिल्या बाजूला प्रवास आहे पण खड्डा नाही. आमच्याकडच्या माणसाला पटणं कठीण.

टँजरिन ड्रीम, ‘फेड्रा’, १९७४. मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर तयार करणारं वाद्य, गरम होत जातो तसा त्याचा सूर सरकतो, आणि त्यांनी तो सरकलेला सूर तसाच ठेवला. माझ्या डाव्या कानाला ते खटकलं, उजव्याला आवडलं.

इतर तिघींबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. लांब गिटार, लांब केस.

२७ जुलै, रविवार
‘होसियाना मंत्र’, पोपोल वू, १९७२. फ्लोरियान फ्रिके ह्यांचा बँड. म्युनिकमध्ये मूग सिंथेसायझर सुरुवातीला ज्यांनी आणला त्यांपैकी हे एक, आणि ह्या रेकॉर्डीत त्यांनी तो बाजूलाच ठेवला. पियानो, ओबो (सनईसारखं फुंकवाद्य), गिटार, जोंग युन ह्या कोरियन गायिकेचा आवाज. आणि मागे तंबोरा, क्लाउस वीझ ह्यांचा. ख्रिस्ती होसाना आणि आपला मंत्र एकत्र करायचे म्हटल्यावर मी धास्तावलोच होतो, उदबत्तीचा वास येणार म्हणून. येत नाही. फार निर्मळ रेकॉर्ड आहे.

पण बुरशी न गेलेली ती सातवी हीच. सतत बारीक सूऽऽ. इथे मात्र तो आवाज नक्की बुरशीचाच, ऑनलाइन ऐकून खात्री केली. म्हणून सुरुवातीच्या रिकाम्या खाचेतून नमुना घेतला आणि आवाज कमी करायचं साधन बेताने चालवलं. सूऽऽ गेलं. मनाला बरं वाटलं. तंबोरा मात्र पाण्यात बुडवल्यासारखा झाला. सूर जागेवर, पण त्यातलं काहीतरी गेलं.

संध्याकाळी मिरजेला गेलो होतो. काकांच्या घरापासून तंतुवाद्यवाल्यांच्या गल्लीपर्यंत चालत पाच मिनिटं. एका दुकानात विचारलं, तंबोऱ्यातला हा जो झणकारा असतो तो नेमका येतो कुठून? कारागिराने हातातलं काम न थांबवता दाखवलं. घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या ठोकळीचा, माथा अशा बेताने घासतात की तार तिला सुटते-न सुटते अशी टेकते, मग तिच्याखाली सुती दोरा सरकवून जागा शोधतात. तार घोडीवर सतत घासत राहते. तीच जवारी. दोरा काढून तार छेडली तर ठोकळ्यासारखी वाजली. दोरा सरकवला आणि सूर पसरला. “घासतंय म्हणून तर बोलतंय,” एवढंच म्हणाला.

म्हणजे माझ्या साधनाने केलं ते हेच. त्याला घासणं तेवढं दिसलं, आणि बुरशीचं घासणं कुठलं नि जवारीचं कुठलं हे त्याला कोण सांगणार? दोन्ही आवाज वरच्याच पट्टीत.

घरी येऊन मूळ फाइल परत लावली. बुरशी आणि जवारी दोन्ही ठेवल्या.

जाता जाता: ट्रंकेत टेरी राइलीची १९६९ची एक रेकॉर्डही निघाली, सगळी वाद्यं त्याने एकट्याने थरावर थर चढवून वाजवलेली. पुढच्याच वर्षी हा अमेरिकन पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला. प्राणनाथ किराणा घराण्याचे. आणि त्याच घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात दरवर्षी मैफली होतात, जिथे काका आजही सतरंजीवर बसून ऐकतात. कॅलिफोर्नियातून कोलोन, तिथून परत मिरज. काकांना सांगितलं. म्हणाले, “त्यात काय. चांगलं गाणं ऐकायला लोक कुठूनही येतात.”

३ ऑगस्ट
बेत बदलला. आत्तापर्यंतच्या सगळ्या फाइली परत काढल्या. अर्थिंगचं घुमणं नसलेली, धुतलेली, बाकी हात न लावलेली मूळ रेकॉर्डिंगं तशीच ठेवायची. फक्त ठळक चरे, जिथे पिन उडते, तेवढे हाताने एकेक करून बुजवायचे. गाणी सुटी करायची नाहीत. एका बाजूची एक फाइल, कारण काकांच्या डोक्यात ह्या रेकॉर्डी गाण्यांनी नाही, बाजूंनी आहेत. “ती भेंडीची दुसरी बाजू लाव,” असं म्हणतात.

लू रीडची चौथी बाजू सोळा मिनिटं एक सेकंदावर कापली. हा एवढा अधिकार मी घेतला.

१० ऑगस्ट
काकांना पहिला हप्ता दिला, २६ रेकॉर्डी. पेन ड्राइव्ह त्यांच्या टीव्हीला लावून दिला आणि रिमोटवर कुठलं बटण ते तीनदा दाखवलं. त्यांनी ‘फाउस्ट’ लावली. खरखर सुरू झाली तशी काकू आतून ओरडली, “केबल गेली वाटतं!” काका काही बोलले नाहीत, आवाज दोन आकडे वाढवला.

‘फाउस्ट’ची दुसरी बाजू तिथे परत ऐकली. आता आवडली. जून महिन्यातलं मत खोडत नाही, असू दे.

१७ ऑगस्ट
उरलेल्या पाच: दोन वाजतात पण एकीला खोल चरा आहे, हाताने बुजवायला आठवडा जाईल. एकीच्या आत भलतीच तबकडी निघाली, जर्मन लष्करी बँडची. एकीचं लेबल जूनमध्ये भिजवलं ती, बाजू कुठली ते ऐकूनच ठरवावं लागेल. आणि आमोन ड्यूल २ची ‘येती’, १९७०, पहिली तबकडी पापडासारखी वाकली आहे, पिन चढावर चढते आणि उतारावर उडी मारते. दोन काचांच्या मध्ये सपाट ठेवून वर तीन वर्षांची पंचांगं आणि गव्हाचा डबा ठेवला आहे. उन्हात ठेवू नकोस असं काकांनी बजावलंय. तसंही ऊन नाहीच. गणपतीनंतर उघडून बघेन.